३/४ आणि ६/८ यांत फरक काय? (हिशेबी माणसाचा गोंधळ)

शून्यठेका
नमस्कार मंडळी. चाळिशी ओलांडल्यावर पियानो शिकायला घेतलाय. चार महिने झाले. पाच रेषा, मधल्या मोकळ्या जागा, कोणता ठिपका कुठला सूर, इथवर गाडी बरी चालली. मागच्या आठवड्यात नवीन पान उघडलं, तर सुरुवातीलाच वर ६ आणि खाली ८. तिथून सगळं बिनसलं.

आयुष्य आकडेमोडीत गेलेलं आहे. ६/८ दिसलं की हात आपोआप दोनने भागतो आणि उत्तर ३/४ येतं. ३/४ मी आधीच शिकलोय, मग हे वेगळं कशाला? सरांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, "वाजवा, कळेल." वाजवलं, कळलं नाही.

दुसरी अडचण टिंबाची. क्रॉचेटला (सहसा एक ठोक्याची नोट) टिंब आणि पुढे एक क्वेव्हर (त्याच्या निम्मी) असं आलं की मी हमखास घसरतो. आणि तिसरी सगळ्यात मोठी: मोजायला गेलो तर वाजत नाही, वाजवायला गेलो तर मोजणं सुटतं. हे माझंच होतं की सगळ्यांचं? सोप्या भाषेत सांगा, शिव्या चालतील.

बेसूरदास
रुमाल टाकून ठेवतो. मलाही हेच विचारायचं होतं, लाजेखातर पाच वर्षं थांबलो.

तिहाई
पहिल्यांदा एक करा, तो कागद परत नीट बघा. ६ आणि ८ च्या मध्ये तुम्हाला रेघ दिसते का? नाही दिसणार. आपण टाइप करताना तिरपी रेघ देतो म्हणून तो अपूर्णांक वाटतो. कागदावर फक्त एकावर एक दोन आकडे असतात आणि ते दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. भागायचं काही नाही.

खालचा आकडा म्हणजे मोजायचं माप. ४ असेल तर क्रॉचेट, ८ असेल तर क्वेव्हर, २ असेल तर मिनिम (दोन क्रॉचेटइतकी नोट). वरचा आकडा म्हणजे एका बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यात) ती मापं किती. ३/४ म्हणजे तीन क्रॉचेट, ६/८ म्हणजे सहा क्वेव्हर. दोन क्वेव्हरचा एक क्रॉचेट होतो, त्यामुळे दोन्ही बारमध्ये माल सारखाच मावतो, इथपर्यंत तुमचा हिशेब बरोबर आहे. फरक गठ्ठे कसे बांधलेत यात आहे. ३/४ मध्ये दोन-दोनचे तीन गठ्ठे, ६/८ मध्ये तीन-तीनचे दोन. म्हणजे ६/८ मध्ये पायाने ठोका द्यायचा झाला तर तो सहा वेळा नाही, दोनच वेळा पडतो.

मेट्रोनोमग्रस्त
तिहाईंशी सहमत, पण हे वाचून कळत नाही, कानाने कळतं. एक प्रयोग करा. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) ६० वर लावा, म्हणजे मिनिटाला ६० टिका. प्रत्येक टिकेला तीन समान अक्षरं म्हणा, पहिल्यावर जोर. दोन टिका झाल्या की एक बार. हे ६/८. आता मेट्रोनोम ९० वर न्या आणि प्रत्येक टिकेला दोन अक्षरं म्हणा. तीन टिकांचा एक बार. हे ३/४.

गंमत बघा, दोन्हीकडे बार दोन सेकंदांचाच आहे आणि अक्षरांचा वेगही तोच, मिनिटाला १८०. बदलला तो फक्त जोर. तरी चालीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एक हेलकावे घेते, दुसरी गिरकी.

टिचकी
अक्षरं म्हणायचीच तर शब्द म्हणा. ३/४ साठी "पाणी पाणी पाणी" आणि ६/८ साठी "सावली सावली". मी मुलांना असंच शिकवते.

वृत्तवेडी
टिचकीताई, कल्पना छान, पण "सावली" लिहिताना तीन अक्षरं आहेत, म्हणताना दोनच. साव्-ली. मराठीत मधला "अ" आपण गिळून टाकतो. मुलं ६/८ ऐवजी भलतंच वाजवत नाहीत ना?

टिचकी
अरे देवा. आता कळलं ती दोन मुलं नेहमी पुढे का पळतात. 😅 मग कोणता घ्यावा?

वृत्तवेडी
"पाहुणे". पा-हु-णे, तिन्ही अक्षरं ऐकू येतात आणि जोर आपसूक पहिल्यावर पडतो. "पाहुणे पाहुणे" हे ६/८, "आले आले आले" हे ३/४.

बेसूरदास
पाहुणे दोनदा आणि आले तीनदा. हिशेब जुळत नाही, एक जण वाटेत हरवला.

खर्जातला
इतकं डोकं कशाला फोडताय? आपल्याकडे दादरा आहे. सहा मात्रा. ३/४ म्हणजे दादरा, विषय संपला.

तिहाई
खर्जातला, नेमकं उलटं. दादरा आहे धा धी ना | धा तू ना. तीन-तीनचे दोन विभाग, एक टाळी आणि एक खाली (टाळी न देता हात नुसता हलवायचा). हा बांधा ६/८ चा आहे. सहा मात्रा आहेत म्हणून ३/४ म्हणणं ही तीच चूक जी धागाकर्ते करतायत, फक्त तबल्यावर.

खर्जातला
मान्य नाही. विलंबित दादऱ्यात प्रत्येक मात्रा स्वतंत्र ठोका असतो. तिथे "दोनच ठोके" म्हणणाऱ्याने एकदा ठेका धरून दाखवावा. मी तो ३/४ चे दोन बार म्हणून लिहीन आणि कुणी चूक काढू शकणार नाही.

कोमल धैवत
दोघंही बरोबर आहात आणि म्हणूनच भांडण मिटणार नाही. :) संथ असेल तर मात्रा हाच ठोका, जलद असेल तर तीन मात्रा मिळून एक ठोका. पाश्चात्त्य संगीतातही हेच होतं. संथ ६/८ असेल तर कंडक्टर हाताने सहा दाखवतो, जलद असेल तर दोन. कागदावर आकडा तोच राहतो. टाइम सिग्नेचर (हे वरखालचे दोन आकडे) वेगाबद्दल काहीच सांगत नाही, हे नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. खाली ८ आहे म्हणजे पळायचं, असा समज मी स्वतः वर्षभर बाळगला होता. ३/८ हे ३/४ पेक्षा संथही असू शकतं. वेग वर शब्दात किंवा मेट्रोनोमच्या आकड्यात दिलेला असतो, तिथे बघायचं.

एक फरक मात्र लक्षात असू द्या. आपलं आवर्तन आणि त्यांचा बार एकच नव्हे. तीनतालाच्या १६ मात्रांत सम (आवर्तनाची पहिली मात्रा) एकदाच येते आणि सगळी नजर तिच्याकडे लागलेली असते. ४/४ चा बार चार ठोक्यांत संपतो, "एक" सारखा सारखा येतो. त्याला सम समजून प्रत्येक वेळी दणका दिलात तर वाजवणं कवायतीसारखं होईल.

काठावरचा
४/४ ऐवजी कधी कधी इंग्रजी सी अक्षर असतं. ते कॉमन टाइमचं लघुरूप आहे, एवढी माझ्याकडून भर. बाकी वाचतोय.

निषादी
काठावरचा, हे सगळीकडे सांगतात पण ते अक्षर नाहीच. ते अर्धवट वर्तुळ आहे. मध्ययुगीन युरोपात तीनच्या विभागणीला "परिपूर्ण" मानत, त्याची खूण पूर्ण वर्तुळ. दोनची विभागणी "अपूर्ण", म्हणून तुटलेलं वर्तुळ. तेच आज सी सारखं दिसतं. त्याला उभी रेघ मारली की २/२, म्हणजे मिनिमला एक ठोका.

काठावरचा
शाळेपासून चुकीचं सांगत आलोय तर. काठावरच बरा होतो.

शून्यठेका
एवढे प्रतिसाद! तिहाई, खरंच रेघ नाहीये. चार महिने त्या कागदाकडे बघतोय आणि मला ती दिसत होती.

६०-९० चा प्रयोग केला. पहिल्यांदाच काहीतरी वेगळं ऐकू आलं. पण कागदावर बघून कोणता गठ्ठा हे कसं ओळखायचं? आणि टिंबाचं कुणीच बोललं नाही.

तिहाई
क्वेव्हरच्या डोक्यावरची आडवी दांडी बघा. ६/८ मध्ये ती तीन-तीन नोटा बांधते. ३/४ मध्ये दोन-दोन बांधते, कधी सहाही एकत्र, पण तीन-तीन कधी नाही. ती दांडी शोभेला नसते, वाचणाऱ्याला ठोका कुठे पडतो ते दाखवायला असते. बऱ्याच जणांना हे कुणी सांगतच नाही, मलाही नव्हतं सांगितलं.

मेट्रोनोमग्रस्त
टिंबाचं माझ्याकडे द्या.

टिंब म्हणजे नोटेच्या निम्मं आणखी. क्रॉचेट एक ठोका, टिंबाचं दीड. पुढचं क्वेव्हर अर्धा. दोन्ही मिळून दोन ठोके. हे तुम्हाला माहीत असणार, हिशेबी माणूस आहात. घसरण होते ती "दीड" मोजायचा प्रयत्न करता म्हणून. दीड कुणालाच मोजता येत नाही. अर्धे मोजा.

पुस्तकात "वन अँड टू अँड" असतं. मराठीत "एक आणि दोन आणि" केलं की फसतं, कारण "आणि" दोन अक्षरांचं आहे. "नि" म्हणा. एक-नि-दोन-नि-तीन-नि-चार-नि. प्रत्येक तुकडा एका अक्षराचा, सगळे समान. टिंबवाली नोट "एक-नि-दोन" भर धरून ठेवायची आणि क्वेव्हर दोनच्या पुढच्या "नि" वर. बस.

हे ४/४ आणि ३/४ मध्ये. ६/८ मध्ये मात्र टिंबवाला क्रॉचेट हाच एक पूर्ण ठोका आहे, तिथे "दीड" हा शब्दही डोक्यात आणू नका. मेट्रोनोमही त्यालाच लावा.

बेसूरदास
"नि" ला माझं एक मत. पण ६/८ मध्ये सहापर्यंत मोजताना "सहा" दोन अक्षरांचा निघतो, त्याचं काय? मी दर बारच्या शेवटी अडखळतो.

मेट्रोनोमग्रस्त
"सा" म्हणा. सूरही लागेल.

कोमल धैवत
किंवा सहापर्यंत जाऊच नका. "एक-त-क, दोन-त-क". दोनच ठोके आहेत ना!

खर्जातला
मी म्हणतो आकडे हवेतच कशाला? चार तुकड्यांना तकधिमि, तीनला तकिट, पाचला तक-तकिट, सातला तकिट-तकधिमि. दक्षिणेत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आकडा मोजताना डोकं "आता कितवा" यात अडकतं, बोल म्हणताना जीभ आपोआप चालते. दुगुन, तिगुन, चौगुन एका ठोक्यात बसवायची सवय असेल तर क्वेव्हर, ट्रिप्लेट (एका ठोक्यात तीन) आणि सेमीक्वेव्हर (एका ठोक्यात चार) वेगळे शिकावेच लागत नाहीत.

निषादी
हे पटलं. फक्त एक गैरसोय. बोलांनी ठोक्याच्या आतली जागा कळते, पण बारमधला कितवा ठोका ते कळत नाही. एकटं वाजवताना चालून जातं. चौघांत वाजवताना सात बार गप्प बसून आठव्याच्या तिसऱ्या ठोक्यावर घुसायचं असतं, तिथे आकड्यांना पर्याय नाही. तेव्हा "एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार" असं पहिल्या आकड्यात बार मोजतात.

गप्प बसण्यावरून आठवलं, नवशिक्यांसाठी एक सापळा. रेषेला खाली लटकलेला काळा ठोकळा म्हणजे सेमीब्रीव्हची विश्रांती, चार ठोके. पण तोच ठोकळा बारमध्ये एकटा असेल तर त्याचा अर्थ "हा पूर्ण बार गप्प", मग तो बार ३/४ चा असो की ६/८ चा. मी एकदा ३/४ मध्ये इमानदारीने चार ठोके थांबले होते. बाकीचे पुढे निघून गेले.

टिचकी
😂😂

वृत्तवेडी
जरा अवांतर होतंय, पण राहवत नाही. वृत्तं शिकलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटायला हवं. लघू एक मात्रा, गुरू दोन. भुजंगप्रयात घ्या: लगागा लगागा लगागा लगागा. प्रत्येक गणात पाच मात्रा, ओळीत वीस. म्हणजे हे सरळ ५/८ चे चार बार झाले, आतली विभागणी एक-दोन-दोन. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. पाचाचा ताल अवघड म्हणणाऱ्यांनी तो लहानपणीच पाठ केलाय, फक्त नाव माहीत नव्हतं.

कोमल धैवत
वा! वाचनखूण साठवली. पण म्हणताना आपण तो पाचात ठेवतो का? शेवटचा गुरू जरा लांबला की सहा होतात आणि मग पुन्हा आपला दादरा.

वृत्तवेडी
एकत्र म्हणताना बहुतेकदा लांबतोच, हे कबूल. कागदावर पाच, तोंडात सहा.

खर्जातला
दादरा शेवटी येतोच. मी आधीच सांगितलं होतं.

निषादी
पाचाचा विषय निघालाच आहे तर, चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीचा (१८९३) दुसरा भाग ५/४ मध्ये आहे. दोन अधिक तीन असा. "लंगडा वॉल्ट्झ" म्हणतात त्याला. आणि 'टेक फाइव्ह' ही जॅझची धून (१९५९) ऐका, तिथे तेच ५/४ पण तीन अधिक दोन. आकडा एक, चाल दोन. टाइम सिग्नेचरवरून गठ्ठा नेहमीच कळतो असं नाही, ते दांड्या बघून किंवा ऐकून ठरवावं लागतं. सातातही तसंच. बल्गेरियातला राचेनित्सा नाच ७/८ मध्ये, दोन-दोन-तीन. आपला रूपक सात मात्रांचा पण तीन-दोन-दोन, आणि वर पहिलीच मात्रा खाली!

काठावरचा
धाग्याचं वऱ्हाड कुठे निघालंय? धागाकर्ते ६/८ वर अडकलेत, आपण बल्गेरियात पोचलो.

बेसूरदास
ठेका सुटला की असंच होतं.

तंतूवाद्यप्रेमी
उशिरा आलो. एक विरोधी मत नोंदवतो, दिवे घ्या. हे मोजणं-बिजणं फार झालं. मी व्हायोलिन शिकलो ते ऐकून. मोजत वाजवलेलं संगीत ऐकवत नाही, यंत्र वाजल्यासारखं वाटतं. आधी चाल कानात बसू द्या, हात आपोआप येतो.

मेट्रोनोमग्रस्त
चाल आधी ऐकलेली असेल तर येतो. नवीन कागद समोर आला आणि ती चाल जन्मात ऐकली नसेल तर? वाचायला शिकणं म्हणजे तेच ना. आणि मोजणं कायमचं नसतं. अक्षरओळख होताना आपण बोट ठेवून वाचतो, पुढे बोट सुटतं.

यंत्राबद्दल मात्र तुमच्या बाजूने एक दाखला देतो. मेल्झेलने १८१५ मध्ये मेट्रोनोमचं पेटंट घेतलं आणि बेथोव्हेनने १८१७ मध्ये आपल्या तोवरच्या आठही सिम्फनींना त्याचे आकडे जाहीर केले. त्यातले काही इतके जलद आहेत की अनेक कंडक्टर ते सरळ बाजूला ठेवतात. म्हणजे आकडा देणाऱ्याचंही कुणी निमूट ऐकत नाही.

तंतूवाद्यप्रेमी
बोटाचा दाखला आवडला. माघार नाही, पण अर्धं पाऊल मागे.

कोमल धैवत
शून्यठेका, तुमचा तिसरा प्रश्न राहिलाच. मोजलं तर वाजत नाही, हे सगळ्यांचं होतं. वाद्य बंद करा. आधी फक्त तोंडाने मोजा आणि मांडीवर टाळी द्या. मग तोंडाने मोजत नोटांच्या जागी टाळी, सूर विसरून. ते न अडखळता जमलं की एक हात पियानोवर. मोजणं मोठ्याने हवं, मनातल्या मनात नको. मनातला ठोका फार मवाळ असतो, अवघड जागा आली की आपल्यासाठी थांबून राहतो. आणि सुरू करण्याआधी एक पूर्ण बार रिकामा मोजा.

एक विचारू? अडखळता ते पानभर की एखाद्या ठरावीक ठिकाणी? तो बार कसा लिहिलाय ते सांगाल का?

शून्यठेका
ठरावीक ठिकाणी! तिसऱ्या ओळीच्या शेवटून दुसरा बार. बाकी सगळीकडे तीन-तीनच्या दांड्या आहेत (आता दिसायला लागल्या), पण तिथे तीन सुटे क्रॉचेट आहेत, टिंब नसलेले. "पाहुणे पाहुणे" म्हणत येतो आणि तिथे पाहुणे बसतच नाहीत. मला वाटलं छपाईची चूक आहे.

कोमल धैवत
चूक नाही हो, तिथे संगीतकाराने गंमत केलीय. तीन क्रॉचेट म्हणजे सहा क्वेव्हरच, पण दोन-दोनचे तीन गठ्ठे. ६/८ च्या पानात एका बारपुरतं ३/४ डोकावलंय. याला हेमिओला म्हणतात. सहसा चाल विसावायच्या जरा आधी येतो, ओळीच्या शेवटाकडे आहे म्हणालात तिथेच. दोन्ही एकाआड एक ऐकायचे असतील तर बर्नस्टाइनच्या 'वेस्ट साइड स्टोरी' (१९५७) मधलं 'अमेरिका' ऐका, एक बार ६/८, एक बार ३/४, असं चालतं. त्या बारमध्ये क्वेव्हरचा वेग तोच ठेवा आणि शब्द बदला.

टिचकी
पाहुणे पाहुणे | आले आले आले!

बेसूरदास
हरवलेला सापडला.

शून्यठेका
दहा दिवसांनी परत आलोय. टाळ्या वाजवून मांडी लाल झाली, घरचे म्हणतात पियानोच बरा होता. पण तो बार जमला. सरांपुढे वाजवला तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसतं पान उलटलं.

पुढच्या पानावर १२/८ आहे. दीड म्हणायचं नाही, एवढं कळलंय.

खर्जातला
दादऱ्याची दोन आवर्तनं. घाबरू नका.